चौदा हजार कोटींत नेमकं काय विकलं गेलं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागायती गावात पंपघरात डोकावलं, तर भिंतीवर एक छोटी पत्र्याची पेटी दिसते. तिला एक हिरवं बटण असतं आणि एक लाल. हिरवं दाबलं की आत 'खट्' असा आवाज होतो आणि मोटार सुरू होते. अनेक ठिकाणी ही पेटी एल अँड टीची असते. पिढ्यान्‌पिढ्या वायरमन आणि शेतकरी दुकानात जाऊन याच नावाने स्टार्टर मागत आले. ३१ ऑगस्ट २०२० रोजी या पेटीमागचा सगळा धंदा श्नायडर इलेक्ट्रिक या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेला. त्यात कारखाने, माणसं, आराखडे, साचे आणि वितरकांचं जाळं असं सगळंच आलं. ठरलेली किंमत होती १४,००० कोटी रुपये, तीही पूर्ण रोखीने. पंपांना याचा पत्ताही नव्हता.

मला या व्यवहाराचं कुतूहल वाटतं ते त्याच्या आकड्यामुळे कमी आणि त्याच्या घडण्यामुळे जास्त. नवी मुंबई, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), वडोदरा, कोइमतूर, म्हैसूर इथले कारखाने आणि आखाती देशांपासून मलेशिया-इंडोनेशियापर्यंतचा पसारा, सुमारे ५,००० माणसं. एवढं सगळं उत्पादन चालू असताना, ऑर्डरी येत असताना, पगार होत असताना एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातं. जिवंत धंदा असा उचलून दुसरीकडे ठेवता येतो, हीच मुळात आश्चर्याची गोष्ट आहे. आणि एवढी रक्कम मोजून विकत घेतलेल्या गोष्टींतली सर्वांत मोलाची गोष्ट हातात धरताच येत नाही, हे त्याहून मोठं आश्चर्य.

ती गोष्ट कळण्यासाठी आधी या पेटीचं काम समजून घ्यायला हवं.

स्टार्टरच्या आत मुख्य भाग दोन, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले. कॉन्टॅक्टर म्हणजे विजेने चालणारा चुंबक. बटण दाबलं की गुंडाळीत वीज जाते, चुंबक ओढला जातो आणि चांदीच्या मिश्रधातूची टोकं एकमेकांवर आदळतात. तोच तो 'खट्'. रिलेमध्ये दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. मोटार जास्त विद्युतप्रवाह ओढू लागली की पट्ट्या तापतात, वाकतात आणि जोडणी तोडतात. तीनपैकी एक फेज गेली तरी मोटार उरलेल्या दोनांवर धडपडत राहते आणि जळते. ग्रामीण महाराष्ट्रात हे दुखणं कुणाला सांगायला नको. तिथे ती वाकणारी पट्टी शेतकऱ्याचं वाइंडिंगचं बिल वाचवते.

मोठ्या कारखान्यात, इस्पितळात, रेल्वे स्थानकात हेच काम सर्किट ब्रेकर करतात. शॉर्टसर्किट झालं की क्षणात हजारो अँपिअर वाहू लागतात. ब्रेकरची टोकं दूर होतात, पण वीज सहजासहजी सुटत नाही. दोन टोकांमधल्या हवेत ती ठिणगीची ज्वाला पेटवते. तिचं तापमान हजारो अंशांवर जातं. ही ज्वाला लोखंडी पट्ट्यांच्या चळतीत ढकलायची, तिचे तुकडे करायचे, ते थंड करून विझवायचे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं. चांगला ब्रेकर त्या अर्ध्या आवर्तनातच प्रवाहाचा जोर मोडून काढतो. वीस वर्षं भिंतीत निमूट बसून राहायचं आणि एके दिवशी पापणी लवायच्या आत बिनचूक काम करायचं, असं या वस्तूचं आयुष्य.

धंद्याच्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. गिऱ्हाइकाला ही वस्तू दुकानात पारखून घेता येत नाही. आंबा दाबून पाहता येतो, मोटारसायकल चालवून पाहता येते. ब्रेकर खरोखर वाचवतो का, हे पाहायला शॉर्टसर्किटच व्हावं लागतं. म्हणून गिऱ्हाईक नावाला पैसे मोजतं. सल्लागार अभियंता निविदेच्या 'मेक लिस्ट'मध्ये तीन-चार नावं लिहितो, त्यांत एल अँड टीचं नाव असे. पॅनेल बनवणारा कारागीर त्याच ब्रेकरच्या मापाने पत्र्याला खाच पाडतो, त्याच मापाने तांब्याच्या बसबार वाकवतो. त्याचे आराखडे, साचे, हाताची सवय सगळी त्या मापावर बसलेली असते. मेक बदलायचा तर हे सगळंच बदलायला लागतं. हजारो कारागिरांच्या हातांत मुरलेली ही सवय कुठल्याही गोदामात मोजता येत नाही, पण १४,००० कोटींतला मोठा वाटा तिच्यासाठीच होता, असं माझं मत आहे.

हा विश्वास जमायला किती काळ लागला? हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते एफ. एल. स्मिथ या सिमेंट-यंत्रं बनवणाऱ्या डॅनिश कंपनीच्या कामानिमित्त भारतात आले आणि १९३८ साली त्यांनी मुंबईत एल अँड टीची भागीदारी मांडली. सुरुवातीचं काम होतं युरोपातली यंत्रसामग्री इथे आणून विकण्याचं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि तिकडचा पुरवठा तुटला. मग जे आणता येईना ते इथेच बनवायला घेणं भाग पडलं. १९४६ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. पुढे धरणं, अणुभट्ट्यांची पात्रं, पूल, पाणबुड्यांची कवचं असा तिचा पसारा वाढत गेला आणि त्यातच स्विचगिअरची, म्हणजे स्टार्टर आणि ब्रेकरसारख्या उपकरणांची, ही शाखा वाढली.

मग फायद्यात चालणारी, नावाजलेली शाखा विकायची का? कारण मोठ्या कंपनीच्या अंगणात एकेका धंद्याची भूक वेगळी असते. पूल बांधणाऱ्याला दहा-वीस मोठी गिऱ्हाइकं पुरतात. स्विच विकणाऱ्याला गल्लोगल्ली दुकानं लागतात, सतत नवी मॉडेलं लागतात, जगभरातल्या स्पर्धकांशी संशोधनात टक्कर द्यावी लागते. एल अँड टीने याआधीही असे निर्णय घेतले होते. पेट्रोल पंपांवरची वितरण-यंत्रं बनवण्याचा धंदा २०१० मध्ये गिल्बार्को वीडर-रूटला दिला. वैद्यकीय उपकरणांचा धंदा २०१२ मध्ये म्हैसूरच्या स्कॅनरेला दिला. विकत घेणाऱ्या श्नायडरचा इतिहास तर आणखी विलक्षण आहे. १८३६ साली दोन भावांनी फ्रान्समधल्या ल क्रुझो इथली लोखंडाची भट्टी घेतली. पुढे शतकभर तोफा, पोलाद, रेल्वे इंजिनं असा कारभार चालला. विसाव्या शतकाच्या शेवटी या कंपनीने लोखंड-पोलाद सोडून दिलं, विजेच्या उपकरणांच्या कंपन्या एकेक करून विकत घेतल्या आणि स्वतःचं रूप पार पालटून टाकलं. दोन्ही बाजूंना 'काय ठेवायचं, काय सोडायचं' याचा दांडगा अनुभव होता.

आता कायद्याच्या करामतीकडे येऊ. माझ्या मते या व्यवहारातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

समजा, कारखानदाराने यंत्रं वेगळी विकली, जमीन वेगळी, माल वेगळा. मग प्रत्येक वस्तूची किंमत ठरवा, प्रत्येकीवर वेगळा कर भरा. पण सगळा धंदा एकगठ्ठा, एकाच रकमेला विकला, कुठल्याही वस्तूला स्वतंत्र किंमत लावली नाही, तर प्राप्तिकर कायदा त्याला 'स्लम्प सेल' म्हणतो. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम ५०ब होतं. त्याचा परिणाम थक्क करणारा आहे. या व्यवहाराच्या वेळच्या नियमानुसार धंदा मालकाकडे ३६ महिन्यांहून जास्त काळ असेल, तर सगळा नफा दीर्घकालीन भांडवली नफा धरला जाई. म्हणजे गेल्या महिन्यात घेतलेलं यंत्र आणि गेल्या आठवड्यात गोदामात पडलेली तांब्याची पट्टीसुद्धा त्या एका दिवसापुरती 'जुनी' होते. कायद्याच्या नजरेत वस्तू विरघळून जातात आणि उरतो तो फक्त धंदा, ज्याचं वय सुरू झाल्या दिवसापासून मोजायचं. जीएसटीचीही तीच दृष्टी आहे. सुटं यंत्र विकलं तर त्यावर कर. तेच यंत्र चालत्या धंद्याचा भाग म्हणून गेलं तर त्या हस्तांतराला करमाफी आहे.

आणि ती न दिसणारी गोष्ट? तिची दखल तर १८७२ सालीच घेतली गेली आहे. भारतीय करार कायद्याचं कलम २७ म्हणतं, कुणालाही त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल समजावा. नोकरी सोडणाऱ्याला 'हाच व्यवसाय करू नकोस' असं सहीनिशी लिहून घेतलं, तरी आपली न्यायालयं ते सहसा मानत नाहीत. या कलमाला कायद्याने तिथेच एक अपवाद लिहून ठेवला आहे. ज्याने धंद्याचं गुडविल, म्हणजे नावलौकिक विकला, त्याने ठरलेल्या हद्दीत तोच धंदा पुन्हा मांडायचा नाही, असा वाजवी करार मात्र चालतो. कारण उघड आहे. नाव विकून पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या गाळ्यात तेच दुकान थाटायचं, तर विकलं काय? दीडशे वर्षांपूर्वी, आजच्यासारख्या कंपन्या फारशा नसताना, कायदा लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. गिऱ्हाइकाच्या मनातला विश्वास ही विकता येणारी आणि म्हणून संरक्षण द्यायची मालमत्ता आहे, एवढं त्या एका अपवादात सामावलं आहे.

माणसांचं काय? माणसं मालमत्तेसारखी हस्तांतरित होत नाहीत, आणि होऊही नयेत. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५फफ होतं. त्यानुसार धंद्याचा मालक बदलला तर कामगाराला भरपाईचा हक्क मिळतो. ती टळते फक्त तीन अटी पाळल्या तर. सेवेत खंड पडता कामा नये. नव्या मालकाकडच्या अटी पहिल्यापेक्षा कमी दर्जाच्या असता कामा नयेत. आणि पुढे कधी कपात झालीच, तर नव्या मालकाने जुन्या मालकाकडच्या वर्षांसह सेवा सलग धरून भरपाई द्यायला हवी. वीस वर्षं एका कंपनीत लेथवर काढलेला माणूस नव्या कंपनीत पहिल्या दिवशीच वीस वर्षांचा जुना असतो. मला ही तरतूद फार मानवी वाटते.

तरीही प्रत्यक्षात शाखा वेगळी काढणं हे एकत्र कुटुंबातल्या वाटणीइतकंच किचकट काम आहे. विहीर सामाईक असते, पाटाचं पाणी सामाईक असतं. इथे संगणक प्रणाली सामाईक, पगारपत्रक सामाईक, भविष्य निर्वाह निधीची खाती, विमा, काही ठिकाणी फाटक आणि कँटीनसुद्धा. यासाठी अशा व्यवहारांत एक संक्रमण-करार केला जातो. विकणारा काही महिने खरेदीदाराला पैसे घेऊन या सेवा पुरवत राहतो. परवान्यांची रांग वेगळीच. एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात, ते दुसऱ्याच्या नावावर करायचे तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. कारखाना परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, आयएसआय चिन्हाचा परवाना असं सगळं त्या त्या उत्पादकाच्या आणि जागेच्या नावाने असतं. प्रत्येक कागदावरचं नाव बदलायचं, आणि ते करताना कारखान्याचा पट्टा थांबू द्यायचा नाही.

शिवाय नेमकी रेघ कुठे मारायची? युद्धनौका आणि जहाजांवर बसणारं सागरी स्विचगिअर या व्यवहारातून वगळलं गेलं. सर्वोवॉच ही जहाजांच्या नियंत्रण प्रणाली बनवणारी ब्रिटिश उपकंपनीही एल अँड टीकडेच राहिली. संरक्षणाचं काम करणाऱ्या कंपनीने जहाजावरची वीज स्वतःकडे ठेवणं स्वाभाविक होतं. उलट मलेशियातली टॅम्को ही स्विचगिअर कंपनी, जी एल अँड टीने २००८ मध्ये विकत घेतली होती, ती या गाठोड्यात गेली. धंदे असे आयुष्यात एकाहून अधिक वेळा घर बदलतात.

करारावर सह्या १ मे २०१८ रोजी झाल्या. ताबा मिळाला ३१ ऑगस्ट २०२० ला. मधले २८ महिने कुठे गेले? बराच वेळ भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेला. कमी दाबाच्या स्विचगिअरमध्ये एल अँड टी आणि श्नायडर दोघंही बाजारातली अग्रगण्य नावं. ती एक झाली तर उरलेल्यांचं आणि गिऱ्हाइकांचं काय, हा प्रश्न रास्त होता. आयोगाने व्यवहाराचा तपशील लोकांसमोर ठेवून हरकती मागवल्या, आणि एप्रिल २०१९ मध्ये अटींसह संमती दिली. या अटी वाचताना मी खरोखर थक्क झालो. आयोगाने कारखाना विकायला लावला नाही. त्याऐवजी एल अँड टीच्या उत्पादनक्षमतेतला काही वाटा राखून ठेवायला सांगितला, म्हणजे स्पर्धकांना त्याच कारखान्यात माल बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकता यावा. तंत्रज्ञान परवान्यावर देण्याची तरतूद केली. वितरकांना एकाच कंपनीला बांधून ठेवता येणार नाही, असं घातलं. म्हणजे नियामकानेही नेमकी तीच गोष्ट हेरली होती. या धंद्यातली ताकद यंत्रांपेक्षा नावात आणि दुकानांच्या जाळ्यात आहे, म्हणून थोडी मोकळीक तिथेच हवी.

पैशांची बाजू थोडक्यात. विकणाऱ्याच्या हिशेबवहीत यंत्रं, इमारती, माल यांची किंमत घसारा वजा जाता उरलेली असते. स्वतः कमावलेला नावलौकिक वहीत शून्याने लिहिलेला असतो. म्हणून विकताना फरक दिसतो. २०२०-२१ च्या ताळेबंदात एल अँड टीला या विक्रीतून कर वजा जाता आठ हजार कोटी रुपयांहून जास्त लाभ झाला. वहीत शून्य असलेली गोष्ट एका दिवसात हजारो कोटींची झाली. ती त्या दिवशी जन्मली मात्र नव्हती. पंपघरात रिलेच्या पट्टीने मोटार वाचवली, तेव्हा तेव्हा ती थोडीथोडी जमा होत गेली होती.

खरेदीदाराच्या बाजूलाही एक भागीदार होता. सिंगापूरची गुंतवणूक कंपनी टेमासेक. एकत्रित भारतीय कंपनीत श्नायडरचे ६५ टक्के आणि टेमासेकचे ३५ टक्के असे वाटे ठरले. जुलै २०२५ मध्ये हा ३५ टक्के वाटा श्नायडरने साडेपाच अब्ज युरोंना विकत घेण्याचा करार केला. या रकमेत श्नायडरचा स्वतःचा भारतातला धंदाही मोजलेला आहे, तरीही भारतात विजेची उपकरणं विकण्याला जगात आज काय मोल आहे, ते या आकड्यावरून कळतं.

राहता राहिलं नाव. 'एल अँड टी' ही अक्षरं विक्रीत नव्हती. ती पुलांवर, क्रेनवर, गोदींवर तशीच राहिली. काही वर्षं स्विचगिअर त्याच नावाने विकलं गेलं, आणि २०२४ मध्ये नवं नाव आलं, लॉरिट्झ नूडसन. हे नाव एका जुन्या डॅनिश विद्युत कंपनीचं, जी श्नायडरने १९९९ मध्ये घेतलेल्या लेक्सेल समूहाबरोबर त्यांच्याकडे आली होती. दोन डॅनिश माणसांनी मुंबईत सुरू केलेल्या घरातून निघालेल्या धंद्याला फ्रेंच मालकाने पुन्हा डॅनिश नाव द्यावं, असा योगायोग कुणी कथेत लिहिला असता तर मला तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटला असता.

एवढ्या मोठ्या व्यवहाराबद्दल इतकं सविस्तर लिहिण्यामागे माझं एक कारण आहे. भोसरी, सातपूर, कोल्हापूर, इचलकरंजी, वाळूज इथे हजारो छोटे कारखानदार आहेत. कुणी ओव्हन बनवतं, कुणी पंप, कुणी तोलकाटे, कुणी पॅनेल. मालक साठी-सत्तरीला आलेला असतो, मुलं दुसऱ्या क्षेत्रात गेलेली असतात. मग एक दिवस यंत्रं जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याला, उरलेला पत्रा भंगारवाल्याला आणि गाळा भाड्याने. तीस-चाळीस वर्षांत जमलेली गिऱ्हाइकांची यादी, आराखड्यांची कपाटं, 'त्यांचाच माल आणा' म्हणणारे मिस्त्री यांचा एक पैसाही कुणी मोजत नाही. माझ्या दृष्टीने हे फार मोठं नुकसान आहे, त्या कुटुंबाचंही आणि राज्याचंही, कारण त्या धंद्याबरोबर तिथल्या कामगारांच्या नोकऱ्याही जातात.

स्लम्प सेल, गुडविलचं संरक्षण, जीएसटीची सवलत या तरतुदी चौदा हजार कोटींच्या व्यवहाराला जितक्या लागू आहेत, तितक्याच चौदा लाखांच्या व्यवहारालाही लागू आहेत. तेव्हा कारखाना बंद करायचं मनात येत असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी चांगल्या सनदी लेखापालाकडे जा आणि त्याला चालत्या धंद्याची किंमत काढायला सांगा. त्याआधी दोन-तीन वर्षं आराखडे कागदावर आणा, गिऱ्हाइकांच्या नोंदी नीट करा, जागेचे आणि नावाचे कागद साफ ठेवा, आणि तुमच्याशिवाय कारखाना एक महिना चालतो का ते पाहा. तो चालत असेल, तर तुमच्याकडे विकण्याजोगा धंदा आहे. तो सुटा करून विकू नका.